लहान तोंडी मोठा घास

१९९०च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात एमी एडमंडसन नावाची विद्यार्थिनी पीएचडी करत होती. रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांवर तेव्हा एक मोठं संशोधन चालू होतं. चुका शोधून मोजायचं काम इतरांकडे होतं. एडमंडसनकडे निराळं काम आलं: कुठल्या वॉर्डातल्या माणसांचं आपसांत जमतं, कुठे इन्चार्ज सिस्टरवर विश्वास आहे, कुठे नाही, हे प्रश्नावलीतून तपासायचं. मग दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. एकजुटीनं काम करणाऱ्या वॉर्डात चुका कमी निघणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

आकडे आले ते उलटे. जिथे एकोपा जास्त, तिथे चुकाही जास्त.

दुसऱ्या कुणी हा निकाल बाजूला सारला असता. एडमंडसन त्यावर विचार करत बसली, आणि तिला एक शक्यता दिसली. या वॉर्डांत चुका जास्त होत नसतील. त्या जास्त सांगितल्या जात असतील. मग एका निरीक्षकाला तिथे पाठवण्यात आलं. कुठला वॉर्ड ‘चांगला’ ठरलाय आणि कुठे किती चुका सापडल्यात, यातलं त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं. तो बघून आला आणि शंका खरी ठरली. काही वॉर्डांत चूक कबूल करणं म्हणजे आपणहून शिक्षा मागून घेणं होतं, म्हणून ती गिळून टाकली जायची. काही वॉर्डांत परिचारिका सरळ इन्चार्जकडे जाऊन सांगायची, ‘मी हा डोस चुकीचा दिला’, आणि दोघी मिळून पुढचं बघायच्या. १९९६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाबद्दल मी आजवर जे काही वाचलं, त्यात यापेक्षा थक्क करणारं दुसरं काही मला आढळलेलं नाही.

याचा अर्थ किती दूरवर जातो, पाहा. तुम्ही एखाद्या रुग्णालयाचे प्रमुख आहात. टेबलावर दोन वॉर्डांची रजिस्टरं आहेत. एकात वर्षभरात एकही चूक नोंदलेली नाही, दुसऱ्यात पानंच्या पानं भरली आहेत. कौतुकाचं पत्र कुणाला धाडाल? आणि आपल्या आईला कुठल्या वॉर्डात ठेवाल?

चुका होणारच, हे आधी मान्य करायला हवं. इस्रायलमधल्या एका अतिदक्षता विभागात संशोधकांनी रुग्णाच्या खाटेशेजारी उभं राहून प्रत्येक कृती मोजली होती. १९९५ साली ते आकडे प्रसिद्ध झाले. एका रुग्णासाठी दिवसाला सरासरी १७८ कृती: औषध देणं, कूस बदलणं, नळी साफ करणं, रक्त घेणं, पंपाचा वेग बदलणं. त्यांतल्या शंभरातली साधारण एक चुकत होती. शंभरात नव्व्याण्णव बरोबर, असा निकाल कुठल्याही परीक्षेत पहिला नंबर मिळवून देईल. इथे त्याचा हिशेब असा होतो, की प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला रोज जवळजवळ दोन चुका. डॉक्टर आणखी हुशार असते, आणखी शिकले असते, तरी हा आकडा शून्यावर आला नसता. मग चूक रुग्णापर्यंत पोहोचायच्या आधी कुणाच्या तरी नजरेला पडली पाहिजे, आणि ज्याच्या नजरेला पडली त्याला तोंड उघडता आलं पाहिजे. पहिली गोष्ट बहुतेक वेळा घडते. अडतं ते दुसऱ्या गोष्टीपाशी.

मार्च २००५. इंग्लंडमधलं एक खासगी रुग्णालय. एलेन ब्रॉमिली, ३७ वर्षांची, दोन लहान मुलांची आई, सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी आली होती. भूल दिली गेली. श्वासासाठी घशात बसवायचं साधन काही केल्या नीट बसेना. काही मिनिटांतच रक्तातला ऑक्सिजन चाळीस टक्क्यांपर्यंत घसरला. मदतीला आणखी एक भूलतज्ज्ञ धावले, शल्यविशारद होतेच. तिघंही अनुभवी, तिघंही आपापल्या कामात तरबेज. अशा वेळी काय करायचं, हे पाठ्यपुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे: तोंडावाटे नळी जात नसेल आणि फुप्फुसात हवाही भरता येत नसेल, तर वेळ न दवडता गळ्याला पुढून छेद द्यायचा आणि थेट श्वासनलिकेत वाट करायची. तिघांनाही ते माहीत होतं. तरीही ते तोंडावाटे नळी घालण्याचाच प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले. वीसहून अधिक मिनिटं.

खोलीत परिचारिकाही होत्या. त्यांतली एक गळ्याला छेद देण्याचा सेट घेऊन आली आणि तो आणल्याचं तिनं सांगितलंही. कुणी वळून पाहिलं नाही. दुसरीनं अतिदक्षता विभागाला फोन करून खाट तयार ठेवायला सांगितली. परत येऊन तिनं ते डॉक्टरांना कळवलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवरून तिला वाटलं, आपण उगाच बाऊ करतोय. ती पुन्हा फोनपाशी गेली आणि तिनं खाट रद्द केली.

एलेन शुद्धीवर आलीच नाही. तेरा दिवसांनी ती गेली. पुढच्या चौकशीत दोघी परिचारिकांनी जे सांगितलं, त्याचा आशय असा होता, की काय करायला हवं हे आम्हांला कळत होतं. ते कसं सांगावं, हे कळत नव्हतं.

एलेनचे पती मार्टिन ब्रॉमिली हे वैमानिक. विमान वाहतुकीत अपघातानंतर स्वतंत्र तपास होतो, आणि त्यातून निघालेलं शहाणपण जगभरच्या वैमानिकांपर्यंत पोहोचतं. तसा तपास इथेही व्हावा, असा आग्रह त्यांनी धरला. कुणाला शिक्षा व्हावी, अशी त्यांची मागणी नव्हती. ते डॉक्टर पुन्हा कामावर रुजू झाले, याचं समाधान वाटतं, असंच ते सांगत आले, कारण हा धडा त्यांच्याइतका कुणालाच कळलेला नसणार. २००७ साली त्यांनी ब्रिटनमध्ये डॉक्टर, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ आणि वैमानिक यांना एकत्र आणणारा एक गट उभा केला. दुःखातून इतकं स्वच्छ, इतकं उपयोगी काम उभं राहिल्याची उदाहरणं फार थोडी असतील.

मार्टिन ज्या परंपरेतून आले होते, ती हा धडा फार मोठी किंमत मोजून शिकली होती. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जम्बो जेट विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला हा सर्वांत भीषण अपघात. केएलएमच्या विमानाचे कप्तान हे कंपनीतले सर्वांत मानाचे प्रशिक्षक होते. विमान वेग घेत असताना मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं आहे ना, असं त्यानं विचारलंही. कप्तानांनी ठामपणे होकार दिला. इंजिनिअर गप्प बसला. त्यानंतर काही सेकंदांत सगळं संपलं. दोन वर्षांनी नासानं या विषयावर परिषद भरवली, १९८१मध्ये युनायटेड एअरलाइन्सनं वैमानिकांना एक नवंच प्रशिक्षण सुरू केलं, आणि हळूहळू ते जगभर रुळलं. त्यात कनिष्ठाला शिकवतात ठामपणे बोलायला. वरिष्ठाला शिकवतात विचारायला आणि ऐकायला. माझ्या मते दुसरा अर्धा जास्त कठीण आहे. पहिल्या अर्ध्याचं श्रेय सगळे देतात. दुसऱ्याशिवाय तो कुचकामी ठरतो, हे सांगायचं मात्र राहून जातं.

कारण संकटात सापडलेल्या तज्ज्ञाचं मन कसं चालतं, ते पाहा. ताण वाढला की लक्ष आकसतं. हातातलं एकच काम सगळी नजर व्यापून टाकतं. वेळ किती गेला याचं भान सुटतं, कानावर आलेलं वाक्य मेंदूपर्यंत पोहोचत नाही. हुशारीचा याच्याशी काही संबंध नाही. माणसाचा मेंदूच असा घडलेला आहे. त्याच क्षणी कोपऱ्यात उभ्या असलेल्या परिचारिकेला मात्र घड्याळही दिसतं आणि मॉनिटरही, कारण तिचे हात त्या एका कामात गुंतलेले नसतात. म्हणजे ज्याच्याकडे अधिकार आहे त्याला दिसत नाही, आणि जिला दिसतंय तिच्याकडे अधिकार नाही. रुग्णालय चालवणाऱ्या माणसाचं सगळ्यात अवघड काम या दोघांच्या मधल्या चार पावलांच्या अंतरात असतं. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हणून एक पायरी नेमून दिली आहे: नळी घालता आली नाही, तर ‘जमलं नाही’ असं मोठ्यानं जाहीर करायचं. ते एक वाक्य उच्चारलं की खोलीतला प्रत्येकजण पुढच्या तयारीला मोकळा होतो.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट हे अतिदक्षता विभागाचे डॉक्टर होते. २००१मध्ये त्यांनी एका साध्या कागदावर पाच ओळी लिहिल्या. प्रश्न होता सेंट्रल लाइनचा. मानेतल्या किंवा छातीजवळच्या मोठ्या शिरेतून हृदयाच्या जवळपर्यंत एक बारीक नळी सरकवतात. तिच्यातून औषधं थेट जातात. ही नळी जीव वाचवते आणि तिच्यावाटेच जंतू रक्तात शिरले तर जीव घेतेही. पाच ओळींत नवं काहीच नव्हतं: हात धुवा. रुग्णाची त्वचा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकानं पुसा. रुग्णावर संपूर्ण निर्जंतुक चादर घाला. स्वतः टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे घाला. नळी बसली की जागा निर्जंतुक पट्टीनं झाका. वैद्यकीय महाविद्यालयातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला हे तोंडपाठ असतं.

प्रोनोव्होस्टांनी विभागातल्या परिचारिकांना महिनाभर फक्त बघायला सांगितलं. निकाल असा, की एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांची एखादी तरी पायरी सुटत होती.

पुढच्या महिन्यात त्यांनी जे केलं, तो या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. प्रशासनाला राजी करून त्यांनी परिचारिकांना अधिकार दिला: पायरी सुटली, तर डॉक्टरला थांबवायचं. तेवढ्यावर न थांबता, डॉक्टर ऐकत नसेल तर रात्री-अपरात्री मला फोन करा, असंही सांगून ठेवलं. कागदाच्या पाठीशी माणूस उभा राहिला. नळी घातल्यावर दहा दिवसांत संसर्ग होण्याचं प्रमाण त्या विभागात ११ टक्के होतं. ते शून्यावर आलं.

२००४ साली हाच प्रयोग मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत सुरू झाला. तिथे प्रोनोव्होस्टांनी आणखी एक अट घातली: प्रत्येक विभागाशी रुग्णालयाचा एक वरिष्ठ अधिकारी जोडायचा आणि त्यानं महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष वॉर्डात यायचं. हे अधिकारी बैठकांच्या खोल्यांतले, खरेदी-विक्री आणि अंदाजपत्रक पाहणारे. बऱ्याचजणांना हे ओझं वाटलं. पण ते आले, आणि एक साधीच गोष्ट उघडी पडली: एक तृतीयांश विभागांतसुद्धा क्लोरहेक्सिडीनचा साबण उपलब्ध नव्हता! यादीतली दुसरी ओळ पाळायची ती कशानं? डॉक्टर बेफिकीर नव्हते, परिचारिका आळशी नव्हत्या. कपाटात बाटलीच नव्हती. आणि ती मागवण्याचा अधिकार वॉर्डातल्या कुणाकडेच नव्हता. अधिकाऱ्यांनी सूत्रं हलवली आणि काही आठवड्यांत साबण आला. संपूर्ण चादरीही सहज हाताशी मिळत नाहीत, अशी तक्रार होती. मग नळी बनवणाऱ्या कंपनीला पटवून चादर आणि क्लोरहेक्सिडीन दोन्ही असलेला एकच संच बाजारात आणला गेला. आता विसरायचं म्हटलं तरी विसरता येईना.

निष्कर्ष डिसेंबर २००६मध्ये प्रसिद्ध झाले. १०३ विभागांची आकडेवारी त्यात होती. नळी बसवलेल्या दर हजार दिवसांमागे संसर्गाचं मध्यक प्रमाण आधी २.७ होतं, तीन महिन्यांत ते शून्यावर आलं आणि दीड वर्ष तिथेच टिकलं. नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं.

याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियांसाठी अशीच एक यादी तयार करायला घेतली. काम सोपवलं होतं बॉस्टनचे शल्यविशारद अतुल गवांदे यांच्याकडे. त्यांचे वडील आत्माराम गवांदे हे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. अमेरिकेत मूत्रविकारतज्ज्ञ झाले, पण उमरखेडला त्यांनी आपल्या आईच्या नावानं महाविद्यालय उभारलं. अतुल स्वतःही नांदेडच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांसोबत राहून शस्त्रक्रिया पाहून गेले होते. यादीत १९ मुद्दे होते आणि ती तीनदा वाचायची होती: भूल देण्याआधी, पहिला छेद घेण्याआधी आणि रुग्ण टेबलावरून हलवण्याआधी. सिॲटल आणि टोरांटोपासून दिल्ली, मनिला आणि टांझानियातल्या इफाकारापर्यंत आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. जानेवारी २००९मध्ये निकाल आला: मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर, गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर.

त्या १९ मुद्द्यांमधला एक मला सगळ्यात विलक्षण वाटतो. छेद घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. बस, एवढंच. अनेक वर्षं एकाच ऑपरेशन थिएटरमध्ये काम करूनही सरांना सिस्टरचं नाव ठाऊक नसतं, हे जगभर दिसतं. पण ज्या माणसानं एकदा आपलं नाव उच्चारलंय, ज्याचा आवाज एकदा त्या खोलीत उमटलाय, तो पुढे काही खटकलं तर बोलण्याची शक्यता वाढते. पहिलं वाक्य बोलणं सगळ्यात जड असतं. ते संकट येण्याआधीच बोलवून घ्यायचं, अशी ही युक्ती.

मग यादी सगळीकडे सक्तीची केली की काम झालं? कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं तसं करून पाहिलं. १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. यादी वापरल्याची नोंद जवळपास शंभर टक्के. मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक मात्र नाही. उलट दक्षिण कॅरोलायना राज्यात ज्या १४ रुग्णालयांनी आपणहून हा कार्यक्रम घेतला आणि प्रशिक्षण, चर्चा, पाठपुरावा यांच्यासह शेवटपर्यंत नेला, तिथे शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू इतर रुग्णालयांच्या तुलनेत २२ टक्क्यांनी कमी भरले. आपणहून पुढे येणारी रुग्णालयं मुळातच उत्साही असणार, हे खरंच. तरीही या दोन अनुभवांतलं अंतर मला पटण्यासारखं वाटतं. चौकोनात बरोबरची खूण करायला पेन पुरतो. ‘सर, थांबा’ म्हणायला पाठीशी कुणीतरी असावं लागतं, आणि तसं कुणी असेल अशी व्यवस्था सरकारी परिपत्रकातून निघत नाही.

आणि पाठीशी कुणी असलं, तरी तेवढ्यानं भागतंच असं नाही. उत्तर प्रदेशातल्या १२० आरोग्य केंद्रांवर बाळंतपणाच्या वेळच्या यादीचा प्रयोग झाला, दीड लाखाहून जास्त जन्म त्यात मोजले गेले. प्रशिक्षकांच्या भेटींमुळे परिचारिकांचं काम खरोखर सुधारलं. माता आणि बाळांचे मृत्यू मात्र घटले नाहीत. रक्त, शस्त्रक्रियेची सोय, वेळेवर गाडी, यांतलं काही नसेल, तर योग्य वेळी योग्य गोष्ट ओळखूनही हात बांधलेलेच राहतात. मिशिगनमधल्या साबणाची आठवण या ठिकाणी ठेवायला हवी.

आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयात मोठ्या सरांचा राउंड चालू असतो, तेव्हा मागे लेक्चरर, मग सीनिअर रेसिडेंट, ज्युनिअर, इंटर्न, फायली सांभाळत सिस्टर. या रांगेच्या बाहेर, खाटेच्या पायथ्याशी पुसणं घेऊन उभ्या असतात मावशी. दुपारी लघवीची पिशवी रिकामी करायला त्याच येतात. सकाळपासून पिशवीत काहीच जमलेलं नाही, चादर घामानं ओली झालीय, काल गप्पा मारणाऱ्या आजोबांनी आज चहाचा कप तसाच ठेवलाय, हे त्यांना सगळ्यांच्या आधी दिसलेलं असतं. लघवी थांबणं ही रक्तदाब घसरत असल्याची, मूत्रपिंडं हार मानत असल्याची फार महत्त्वाची खूण आहे. रक्ताचा अहवाल यायच्या आधीची. मावशींनी हे सांगायचं कुणाला? सिस्टर पन्नास खाटांमागे एक. ज्युनिअर डॉक्टर छत्तीस तास जागा. सरांशी थेट बोलणं त्यांच्या मनातसुद्धा येत नाही. माहिती खाटेपाशीच उभी असते आणि तिथेच राहते.

हे बदलता येतं, याची उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत. २०२१मधल्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांचं नाव ऑक्सिजन प्रकल्पांमुळे गाजलं. आधीच्या सप्टेंबरमध्येच त्यांनी जिल्हा रुग्णालयात पहिला प्रकल्प उभा करून ठेवला होता. मला त्याहून लक्षणीय वाटते ती तिथली ‘ऑक्सिजन नर्स’. साधारण पन्नास रुग्णांमागे एका परिचारिकेला एकच काम: खाटेखाटेपाशी जाऊन ऑक्सिजनची पातळी पाहायची, प्रवाह कमी-जास्त करायचा, रुग्ण जेवायला बसला किंवा स्वच्छतागृहात गेला तर चावी बंद करायची. जिथे नजर होती, तिथेच चावीवरचा हातही दिला.

आणि याच्याही फार आधी, गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्थेतून १९९५पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा कार्यक्रम उभा केला. बाळाच्या न्यूमोनियाचं निदान तिथे गावातल्या बाईनं करायचं होतं, आणि बऱ्याच बायांना साठापर्यंत मोजणंही अवघड. म्हणून बंगांनी एक श्वासमापक बनवला होता: मिनिटभराची वाळूची घडी, आणि तिच्या जोडीला तारेत ओवलेले मणी. वाळू सोडायची, बाळाच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर श्वास धोक्याच्या वेगानं चालू आहे. मोठ्या आकड्यांची गरज नाही, घड्याळ वाचायची गरज नाही. दहा बोटं मोजता आली आणि रंग ओळखता आला, की निदान पक्कं.

प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्या बाया बाळाचं वजन करू लागल्या, गुदमरलेल्या बाळाला श्वास देऊ लागल्या, आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शनही देऊ लागल्या. जे काम बालरोगतज्ज्ञाचं मानलं जातं, ते आदिवासीबहुल जिल्ह्यातल्या खेड्यात, अंधाऱ्या खोलीत, दहावीच्याही पुढे न गेलेल्या बाईच्या हातात. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या हिशेबानं नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. डॉक्टरांनी आपलं ज्ञान इतकं खाली, इतक्या विश्वासानं उतरवून दिल्याचं दुसरं उदाहरण मला सहज आठवत नाही. २०११मध्ये भारत सरकारनं घरोघरच्या नवजात काळजीचा हा मार्ग देशभरच्या आशाताईंकडे सोपवला.

पण रुग्णालयाच्या उतरंडीत मावशींच्याही खाली आणखी एकजण असतो, तो म्हणजे रुग्णाचा नातेवाईक. २००१च्या फेब्रुवारीत, प्रोनोव्होस्टांच्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये, दीड वर्षांची जोसी किंग भाजल्याच्या जखमांतून बरी होत आली होती. तिची आई सॉरेल रोज पाहत होती, की पोरगी पाण्यासाठी कासावीस होते, ओलं फडकं दिसलं की चोखायला लागते. आईनं पुन्हा पुन्हा सांगितलं. तिला धीर दिला गेला, पण तिच्या सांगण्याला निदानाचं वजन मिळालं नाही. शरीरातलं पाणी कमी होणं आणि औषधाची चूक, यांत जोसी गेली. सॉरेल किंग यांनी रुग्णालयाकडून मिळालेल्या भरपाईतला मोठा भाग रुग्णसुरक्षेच्या कामाला लावला आणि त्याच रुग्णालयाच्या डॉक्टरांना सोबत घेतलं. त्यांच्या या गोष्टीतून पुढे पिट्सबर्गच्या एका रुग्णालयात २००५मध्ये एक फोन नंबर सुरू झाला. वॉर्डातल्या डॉक्टरांना पटो न पटो, कुटुंबीयांनी तो नंबर फिरवला, की तातडीचं वैद्यकीय पथक खाटेपाशी हजर.

इंग्लंडला इथवर यायला आणखी एक मूल गमवावं लागलं. सायकलवरून पडून स्वादुपिंडाला इजा झालेली तेरा वर्षांची मार्था मिल्स २०२१मध्ये रक्तातल्या जंतुसंसर्गानं गेली. तिची तब्येत ढासळतेय, हे आई-वडील सांगत होते. वेळेत अतिदक्षता विभागात हलवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असं चौकशीत निष्पन्न झालं. आई मेरोप मिल्स या पत्रकार. त्यांच्या लढ्यातून ‘मार्थाचा नियम’ आला आणि २०२४पासून पहिल्या टप्प्यात १४३ रुग्णालयांत तो लागू होऊ लागला. त्याचे तीन भाग आहेत. कुटुंबीयांना चोवीस तासांत केव्हाही वेगळ्या तज्ज्ञ पथकाकडून तपासणी मागता येते. तेच कुठल्याही कर्मचाऱ्याला करता येतं, त्याचं पद काहीही असो. आणि तिसरा भाग: रुग्णाला आणि त्याच्या माणसांना दररोज विचारायचं, की कालच्यापेक्षा आज कसं वाटतंय, बरं की वाईट, आणि उत्तर तक्त्यावर लिहायचं.

तापमान, नाडी, रक्तदाब, त्याच रांगेत आईचं मत. आपल्याकडे वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये चटई टाकून बसलेले आई-बाप डॉक्टर दिसले की उठून उभे राहतात, आणि गर्दीनं वैतागलेले डॉक्टर त्यांना चुकवून पुढे जातात. कधी हा अबोला इतका साचतो, की त्याचा शेवट काचा फुटण्यात होतो. इथे मनुष्यबळ कमी आहे, खाटा कमी आहेत, पैसा कमी आहे, हे सगळं खरंच आहे. पण केसपेपरवर एक रकाना वाढवायला यांतलं काहीच आड येत नाही. सकाळच्या राउंडला सिस्टरनं आधी मावशींना आणि मग खाटेशेजारच्या नातेवाइकाला विचारायचं, आज कसं दिसतंय, आणि ऐकलेलं तिथेच दोन शब्दांत लिहायचं. वाईट म्हणाले, तर रेसिडेंट डॉक्टरनं तासाभरात येऊन पाहायचं, आणि काही निघालं नाही तरी सांगितल्याबद्दल त्यांचे आभार मानायचे.